पुलापाशी की लव्हाळ्यांमागे

त्या आठवड्यात मी एका गृहस्थाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. माझ्या हाताखाली शिकलेल्या बायकांनी स्वतःची दुकानं काढली आहेत, आणि मी हे केलं. कोट खुंटीवर टांगला होता आणि दोन्ही हात एकाच बाजूला करून कोणाला तरी बोलावतोय असा दिसत होता. मला स्वतःचा राग यायला हवा होता. आला नाही, हसू आलं. दुकानाचं दार लोटून घेतलं, पोट धरून हसले आणि मग बाह्या उसवायला बसले.

सगळ्याचं कारण एवढंच, की रविवारी मला मासे धरायला जायचं होतं.

तसं यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या गावात नदीच्या काठाला नगरपालिकेने एक पट्टा मासेमारीसाठी सगळ्यांना मोकळा ठेवलाय. पायऱ्या आहेत, बाकडी आहेत, नियमांची पाटी आहे. कोणीही गळाची काठी घेऊन जावं आणि बसावं. मी आयुष्यात कधी गेले नव्हते. मासा मी पाहिला होता तो ताटात नाहीतर काचेच्या पेटीत. आता जाणार होते, कारण मला ड्रायव्हरसाहेबांनी बोलावलं होतं.

ड्रायव्हरसाहेब म्हणजे गावातली बस चालवतात ते. मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते, ते मला मास्टर म्हणतात. शिंप्याला मास्टरच म्हणायचं असतं, तो बाई असला म्हणून काय झालं. पहिल्यांदा आले ते पॅन्ट घेऊन. म्हणाले, जरा लांब होतेय. मी आखूड करून दिली. थोड्या दिवसांनी तीच पॅन्ट परत. म्हणाले, आता आखूड वाटतेय. मी खालची दुमड सोडून दिली. पुन्हा आले, पुन्हा लांब वाटत होती. या वयात माणूस उंचीने वाढत नाही आणि घटतही नाही, एवढं मला कळतं. तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पण मी ताकास तूर लागू दिली नाही. उलट त्यांना सांगितलं, की पॅन्ट न्यायच्या आधी एकदा ट्रायलला यावं लागेल. पॅन्टच्या दुमडीला ट्रायल, ऐकलंय कोणी? त्यांनीही मान डोलावली आणि ट्रायलला आले. येताना बिस्किटं घेऊन आले.

अशाच एका ट्रायलला मी त्यांच्या पायाशी बसून टाचण्या लावत होते. टाचण्या मी ओठांत धरते, सगळेच शिंपी धरतात. वरून आवाज आला, "मास्टर, रविवारी मी नदीवर असतो. मासे धरायला. तुम्ही याल का?"

मी म्हटलं, "ऊं."

तोंडात टाचण्या असताना माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत. त्यांनी त्या 'ऊं'चा अर्थ हो असा घेतला. खरं सांगायचं तर तो हो असाच होता, पण टाचण्या नसत्या तर मी आधी आढेवेढे घेतले असते, बघू म्हटलं असतं, दुकान कोण बघेल म्हटलं असतं. काहीच म्हणता आलं नाही आणि काम झालं.

मग सुरू झाली तयारी. दुपारी त्यांना दोन फेऱ्यांच्या मधे सुटी असते आणि माझ्या दुकानात तेव्हा कोणी फिरकत नाही. ते यायचे आणि आम्ही कापड कापायच्या मोठ्या टेबलावर नदी मांडायचो. मोजपट्टी उलगडून टाकली, ती नदी. तिच्यावर कात्री आडवी ठेवली, तो पूल. हिरव्या दोऱ्याची रिळं काठाशी उभी केली, ती पुढच्या वळणावरची उंच लव्हाळी. खडूने पायऱ्या आखल्या. दोन बटणं म्हणजे आम्ही. त्यांचं खाकी, माझं लाल. लाल मीच निवडलं होतं.

त्या टेबलावर आम्ही काय काय ठरवलं ते सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. गळाला कणकेचे गोळे लावायचे की गांडुळं, यावर एक अख्खी दुपार गेली. गांडुळं ते आणणार होते. मी बजावलं, की तो डबा आणि माझा जेवणाचा डबा एका पिशवीत दिसला तर मी तिथूनच परत फिरेन. ते म्हणाले, डबे वेगळ्या रंगाचे ठेवू. मी म्हटलं, रंगाने काय होतंय, पिशव्याच वेगळ्या हव्यात. मग चहाचा थर्मास कोणी आणायचा. मग टोपी. मग मासा गळाला लागला तर ओढायचा कोणी, आणि तो माझ्या काठीला लागला आणि ओढला त्यांनी तर तो कोणाचा. पाटीवर लिहिलंय की लहान मासा पाण्यात परत सोडायचा. लहान म्हणजे केवढा, तर ते वीत दाखवायला लागले आणि मी मोजपट्टी. शेवटी मासा साफ कोणी करायचा यावर आमचं चक्क भांडण झालं. बाजारात तुरी म्हणतात ना, आमच्या तुरी तर अजून पाण्यात पोहत होत्या.

त्यांच्यासाठी मी बिनबाह्यांचं एक जाकीट शिवलं, खिसेच खिसे असलेलं. गळांचा खिसा, दोऱ्याचा खिसा, चष्म्याचा, रुमालाचा. ते अंगात घालून आरशापुढे उभे राहिले आणि एकेका खिशात बोट घालून विचारायला लागले, हा कशाला, हा कशाला. छातीवरच्या एका लहान खिशाशी थांबले. "आणि हा?"

"तो असाच," मी म्हटलं.

कापड थोडं उरलं होतं, म्हणून मी माझ्यासाठीही एक शिवलं. उरलं होतं हे खरं आहे. मी मुद्दाम जास्त आणलं होतं हेही खरं आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणून मी आजवर किती जणांना हसले असेन, आता माझं जाकीट रविवारच्या कितीतरी आधी इस्त्री होऊन तयार होतं.

सगळं ठरलं, फक्त बसायचं कुठे ते ठरेना.

ते म्हणायचे, पुलापाशी. पुलाच्या खांबांभोवती पाणी खोल आहे, मासे तिथेच असतात, इतकी वर्षं ते तिथेच बसतात. मी माझं लाल बटण उचलून हिरव्या रिळांमागे ठेवायचे. म्हणायचे, तिथे सावली आहे. ते म्हणायचे, तिथे बेडकांशिवाय काही नाही. मी म्हणायचे, शांतता आहे. ते माझं बटण उचलून परत कात्रीखाली ठेवायचे. असं ते लाल बटण इतके दिवस या टोकाकडून त्या टोकाला जात होतं.

सावलीचं मला काही पडलं नव्हतं. पुलापाशी बसलं म्हणजे चव्हाट्यावर बसलं. रविवारी सकाळी निम्मं गाव पुलावरून चालायला जातं. कठड्यावर वाकून खाली बघायचं आणि काही मिळालं का म्हणून ओरडायचं, हा त्यांचा ठरलेला उद्योग. आणि त्या निम्म्या गावात सगळ्यात पुढे असतात आमच्या विहीणबाई, माझ्या लेकीच्या सासूबाई. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्या, पण काम काही सुटलं नाही. एखादी गोष्ट त्यांच्या कानावर गेली की ती संध्याकाळपर्यंत घरोघर पोचते. मनाने वाईट नाहीत. बातमी पोटात ठेवली की त्यांना खरोखर त्रास होतो.

त्यांनी पाहिलं म्हणजे लेकीला कळलंच. आणि लेकीला कळू नये, निदान दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढंच मला हवं होतं. तिचे बाबा गेले तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती, "आई, आता आपण दोघीच गं." त्या 'दोघीच'ला मी तेव्हापासून जपत आले. त्यात तिसरं माणूस कसं आणायचं आणि कुठल्या तोंडाने सांगायचं ते मला सुचत नव्हतं. लव्हाळ्यांमागे बसलं तर सांगावंच लागणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक दिवस ड्रायव्हरसाहेबांची शेवटची फेरी लवकर संपली आणि ते संध्याकाळी आले. टेबलावर नदी मांडलेली होती, बटणांची ओढाताण चालू होती आणि लेकीचा फोन आला. ती शहरात राहते, औषधांच्या दुकानात कामाला आहे. रोज त्या वेळेला फोन करते.

"आई, जेवलीस?"

"आत्ताच कुठे? बघते काहीतरी."

"बरं वाटतंय ना? एकटीच आहेस ना गं?" हे ती रोज विचारते. काळजीने विचारते.

"हो गं, एकटीच. दुसरं कोण असणार?"

ते 'दुसरं कोण असणार' म्हणायची काही गरज नव्हती. जिभेला सवय लागली की ती एक वाक्य जास्तच बोलते. फोन ठेवला आणि वळले, तर ड्रायव्हरसाहेब दोन्ही बटणं तळहातावर घेऊन उभे होते. त्यांनी ती हलकेच हिरव्या रिळांमागे ठेवली, शेजारी शेजारी.

"इथे बसू," म्हणाले.

"पुलापाशी नको?"

"नको. तुम्हाला सावली कसली हवी ते आत्ता कळलं मला."

चिडले असते तर बरं झालं असतं. भांडणात मला कोणी हरवत नाही. पण ते चिडले नव्हते. पॅन्टची घडी काखेत मारली आणि दारापाशी जाऊन म्हणाले, "मास्टर, मी आयुष्यभर काचेमागे बसलोय, सगळ्या गावाला दिसत. लपून बसायची मला सवय नाही. तुमच्यासाठी बसेन. एक रविवार बसेन. पुढचं मला माहीत नाही."

ते गेल्यावर मी नदी आवरली. मोजपट्टी गुंडाळली. स्वतःला म्हटलं, हवं होतं ना तुला, मिळालं. आता घे आणि बस लव्हाळ्यांत बेडकांशी गप्पा मारत.

पण माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं तरी काम थांबत नाही. शनिवारी दुपारी मी त्यांना ट्रायलला बोलावलं. हो, मासेमारीच्या ट्रायलला. कुठलीही गोष्ट मी आधी कच्च्या टाक्यांत घालून बघितल्याशिवाय पक्की करत नाही. नदीवर जाऊन चार लोकांत काठी उलटी धरण्यापेक्षा दुकानात एकदा धरून बघावी. तेही आले, जाकीट घालून आले. मी माझं घातलं. आरशात आम्ही दोघं एकाच बँडपथकातले दिसत होतो. त्यांच्या तोंडावर हसू फुटलं, माझ्याही, आणि त्या संध्याकाळचं ओझं थोडं उतरलं.

टेबल भिंतीला सरकवलं. चाकांवरचा कपड्यांचा पुतळा बाजूला ओढला. दार सताड उघडं ठेवलं, कारण काठी लांब होती. ते म्हणाले, "दोऱ्याच्या टोकाला आज बटण बांधू. गळ नको. दुकानात कुठेतरी अडकेल."

"बटण बांधून कसली ट्रायल?" मी म्हटलं. "ट्रायल म्हणजे उद्या अंगावर येणार तेच आज अंगावर. अस्तरासकट, बटणांसकट. गळच बांधा."

"अहो मास्टर, त्याला उलटा दात असतो. एकदा रुतला की—"

"मला सुयांची भीती सांगता?"

त्यांनी गळ बांधला. माझ्या मागे उभं राहून मनगट कसं ठेवायचं ते दाखवलं. काठी मागे, क्षणभर थांबायचं, मग पुढे, आणि पुढे येताना काठीच्या रिळावरचं बोट सोडायचं. दाराबाहेरचं पायपुसणं हे पाणी समजायचं. पहिल्यांदा दोरा माझ्याच पायाशी पडला. दुसऱ्यांदा पुतळ्याच्या मानेला विळखा बसला. आम्ही इतकं हसत होतो की तो सोडवायला हात चालेनात. तिसऱ्यांदा मला ते जमलं. काठी मागे नेली, थांबले, झटका दिला, बोट सोडलं. दोरा असा सुरेख गेला दाराकडे, की मी स्वतःच बघत राहिले.

नेमक्या तेवढ्यात विहीणबाई दारातून आत आल्या होत्या. आत येऊन, पायपुसणं सरकलं होतं ते नीट करायला त्या मागे वळून वाकल्या होत्या. पाठ आमच्याकडे. गळ जाऊन बसला बरोबर दोन खांद्यांच्या मधे, त्यांच्या नव्या लोकरी कोटात. तो कोट मीच शिवला होता.

त्यांना पत्ताच नाही. लोकर जाड होती. त्या सरळ झाल्या आणि बोलत बोलत आत आल्या. "बरं झालं विहीणबाई, तुम्ही दुकानात आहात. हा कोट बघा हो जरा. पाठीत ओढतोय."

काठी माझ्या हातातून ड्रायव्हरसाहेबांनी कधी घेतली ते मला कळलं नाही. ते माझ्यामागे, उघड्या कपाटाच्या दाराआड सरकले होते आणि तिथून हळूहळू दोरा सोडत होते. रीळ कर्र कर्र करत होतं.

"हा कसला आवाज?"

"मशीन," मी म्हटलं. मशीन बंद होतं.

"घरी घातला तेव्हा जरासाच ओढत होता. आत्ता तर फारच ओढतोय." विहीणबाई बोलत बोलत दुकानभर फिरायला लागल्या. त्यांना एका जागी उभं राहून बोलता येत नाही. टेबलापाशी गेल्या, खिडकीपाशी गेल्या, पुतळ्याला वळसा घालून आल्या. मागून ड्रायव्हरसाहेब कधी दोरा देत होते, कधी सैल झालेला गुंडाळत होते. इतकी वर्षं बस चालवलेल्या माणसाचा हात तो, एक हिसका बसू दिला नाही. पण विहीणबाईंनी दुसऱ्यांदा वळसा घातला आणि पुतळा त्यांच्यामागून चालायला लागला.

त्यांनी चाकांचा आवाज ऐकला आणि मागे बघितलं. आधी त्यांना पुतळा दिसला. मग दोरा. मग दोऱ्यावरून नजर हळूहळू सरकत कपाटाच्या दाराशी गेली, तिथे एक गृहस्थ हातात काठी घेऊन उभे होते. अंगात माझ्यासारखंच जाकीट.

"हे तर बसवाले! हे इथे कसे?" विहीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले. "मी गिऱ्हाईक," म्हणाले. "पॅन्ट न्यायला आलो होतो."

"आणि ही काठी?"

त्यांनी काठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. कान लालभडक झाले होते. "काठी जरा आखूड करून हवी होती."

या माणसाने उभ्या आयुष्यात सिग्नल तोडलेला नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि इतकं वाईट खोटं बोलत होता की मला हसू यायच्या जागी एकदम रडू आलं. मला वाटलं, हे मी याला शिकवलं. उद्या याला लव्हाळ्यांत नेऊन बसवणार आणि परवा हा आणखी एक खोटं बोलायला शिकेल. मग एक दिवस पॅन्टची लांबी आपोआप बरोबर होईल आणि हा यायचा थांबेल.

"गिऱ्हाईक नाहीत," मी म्हटलं. "म्हणजे गिऱ्हाईक आहेत, पण तेवढेच नाहीत. उद्या आम्ही दोघं नदीवर मासे धरायला जाणार आहोत. आणि विहीणबाई, कोट ओढत नाहीये. तुमच्या पाठीला गळ लागलाय. हलू नका."

विहीणबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी जवळचं स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर पाठ ताठ ठेवून बसल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

"पॅन्ट चार-पाचदा कमी-जास्त झालीय."

"सूनबाईला माहीत आहे?"

"नाही."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं." त्या ड्रायव्हरसाहेबांकडे वळायला गेल्या, पण दोरा ताणला आणि त्या परत समोर बघायला लागल्या. "अहो, तुम्ही. हे काढायला किती वेळ लागेल?"

"उलटा दात आहे," ते म्हणाले. "ओढला तर कापड फाटेल. हळू काढावा लागेल."

"मग हळूच काढा. आणि विहीणबाई, तुम्ही तिला फोन लावा. आत्ता. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. मी इथे अडकलेय तोवर गप्प आहे. एकदा सुटले की माझ्या तोंडाची हमी मला देता येणार नाही."

ड्रायव्हरसाहेब त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि चष्मा लावून कामाला लागले. मी फोन घेतला. नंबर लावला.

"आई? या वेळेला?" मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती. "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. मी उद्या मासे धरायला जातेय."

"काय धरायला?"

"मासे. नदीवर."

"एकटी?"

"नाही." मी म्हटलं. "एक आहेत. बस चालवतात. तुझा रोज फोन येतो ना, तेव्हा एकदा इथेच होते. तू विचारलंस आणि मी एकटीच म्हटलं. दुपारी तर ते बरेचदा असतात."

पलीकडे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. कोणीतरी ते देत नव्हतं.

"म्हणजे तू एकटी नसतेस," लेक म्हणाली.

"हल्ली नसते."

तिचा आवाज फुटला. मी घाईघाईने म्हणायला लागले, की बाळ, तुझ्या बाबांची जागा कोणी—

"बाबांना मधे आणू नकोस," ती म्हणाली. रडत होती आणि रागावलीही होती. "आई, मी रोज फोन ठेवते आणि मागे जाऊन बसते. खोकी ठेवतात तिथे. आई एकटी बसली असेल, भिंतीकडे बघत जेवत असेल, आणि मी इकडे मजेत, असं मनात येतं आणि मला रडू येतं. रोज. आणि तू तिकडे मासे धरायचे बेत करत होतीस?"

"हो."

"हसत होतीस?"

"खूप," मी म्हटलं. "कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, इतकी हसत होते."

"मग सांगायचंस ना गं. मीही हसले असते."

तिला रडू येऊ नये म्हणून मी ते एक वाक्य रोज बोलत होते, आणि तेच वाक्य घेऊन ती रोज खोक्यांत बसून रडत होती. मी तशीच फोन धरून उभी राहिले आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जाकिटाला इतके खिसे शिवले होते, पण रुमाल एकाही खिशात नव्हता.

तिनेच आधी नाक पुसलं. "दिसायला कसे आहेत?"

"उंच आहेत. पॅन्ट मात्र बरोबर मापाची आहे, ती कधीच लांब नव्हती."

ती हे कळल्यासारखं हसली, कळलं तिला काहीच नसणार. "आणि बसणार कुठे? नदीवर गर्दी असते रविवारी."

ड्रायव्हरसाहेब कोटावर वाकलेले होते. मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला. मला त्यांचा फक्त कान दिसत होता.

"पुलापाशी," मी म्हटलं. "भर मधे. वरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसू अशा जागी. मासे तिथेच असतात म्हणे."

तो कान हळूहळू लाल झाला, मग मान लाल झाली. त्यांनी चष्मा काढला आणि जाकिटाच्या टोकाने पुसायला लागले. तेव्हा मला दिसलं, की गळ त्यांच्या दुसऱ्या तळहातावर आहे. कोटाला ओरखडाही नव्हता.

"निघाला?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"मघाशीच," ते म्हणाले.

विहीणबाई स्टुलावर तशाच बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले. डोळे न उघडताच म्हणाल्या, "मलाही कळलंय तो निघाल्याचं. पण मी अजून सुटलेले नाही. आधी सांगा, माझी सूनबाई रडायची थांबली का?"

"हसतेय," मी म्हटलं, आणि फोन त्यांच्या कानाला लावला.